पायरीवरची अर्धी भाकरी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचते. ड्युटीवरून आलं, पाय वर करून पडलं, की कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागे कोण बसलं... तेवढीच करमणूक. मी नर्स आहे. कलबुर्गीच्या (आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच) एका खाजगी हॉस्पिटलात माझी उमेदीची वर्षं गेली. कितीतरी माणसं माझ्यासमोर गेली, त्यांना पुसून, बांधून मी नातेवाइकांच्या ताब्यात दिलं, आणि त्यातलं एकही परत येऊन मला भेटलेलं नाही. त्यात सासर लिंगायत. करणी, भानामती, अंगारा असलं आमच्या घरात कुणी काढलं तर सासरे हयात असताना उठून बाहेर जायचे. म्हणजे मी दोन्हीकडून पक्की होते.

तरी हे लिहायला बसले आहे. भीती वाटते म्हणून नाही — लाज वाटते म्हणून. भुताची गोष्ट हवी असेल तर इथेच थांबा, यात भूत नाही. एक दार आहे, आणि दाराच्या आत बसलेली मी आहे.

घर मुडबीला, बसवकल्याण तालुक्यात. रस्त्याला लागून, हिरवं लोखंडी दार, समोर शहाबादी फरशीच्या दोन पायऱ्या. दोन्ही मुलं शिकायला बाहेर. आमच्या यांचं बसवकल्याणला खताचं दुकान आहे, ते दिवेलागण उलटून गेल्यावर येतात. तोवर घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळं गाव अव्वा म्हणतं, मीही तेच म्हणते.

आमच्या हॉस्पिटलातल्या एक डॉक्टर मॅडम दरवर्षी चार-सहा जणांचा गट घेऊन आफ्रिकेत मलावीला जातात. एका खेड्यात अनाथ मुलांचं वसतिगृह आहे, तिथे राहायचं आणि आजूबाजूच्या वाड्यांवर आरोग्य शिबिरं घ्यायची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. गावात बातमी पसरायला कितीसा वेळ! शेजारची महादेवी भांडी घासता घासता ओरडली, "आवं वैनी, आफ्रिकेला कामून जायलाव? हितं मुडबीत लेकरं कमी हायत का?"

मी म्हटलं, "हितली लेकरं मला बघितलं की पळतात गं, सुई टोचते म्हणून."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण विमानात बसेपर्यंत तिचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

मलावी मला परकं वाटलंच नाही, हे आधी सांगते. माती आपल्या बिदरसारखी लालभडक. आंब्याची झाडं. बायका लेकरांना पाठीशी बांधून कामाला निघालेल्या. आपल्या भाकरीच्या जागी तिकडे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला न्सिमा म्हणतात. काम तर रोजचंच — झाडाच्या फांदीला तराजू टांगून पोरांची वजनं घ्यायची, जखमा धुवायच्या, जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी कसं करायचं ते दाखवायचं, मच्छरदाण्या वाटायच्या. वसतिगृहाचं सगळं मेरी नावाची एक भक्कम बाई सांभाळायची. इंग्रजी छान बोलायची, आणि आमच्या मॅडमनाही दटावायची.

तिथे एक पोरगी होती, थोको. पाच-सहा वर्षांची असेल. आईबाप नाहीत, एक थकलेली आजी जवळच्या वाडीत. आजीला तिकडे अगोगो म्हणतात. थोको पहिल्याच दिवशी माझ्या ओढणीचं टोक धरून चालायला लागली आणि तीन आठवडे तिने ते सोडलं नाही. बोलायची नाही फारसं. तिच्या दोन सवयी सांगते, कारण पुढे त्यांचंच काम आहे.

एक म्हणजे, तिकडे कुणाच्याही दारात गेलं की सरळ आत घुसत नाहीत. दाराशी उभं राहून "ओदी" म्हणायचं. आतून "ओदिनी" आलं की मगच पाऊल टाकायचं. मोठी माणसं घाईत विसरतात, थोको विसरायची नाही. माझ्या खोलीचं दार सताड उघडं असलं तरी ती बाहेर उभी राहून, खालच्या बाजूला तळहाताने दोनदा थापटून "ओदी" म्हणायची. मी गंमत म्हणून उशीर केला तरी तशीच उभी. एकदा मी औषधांच्या खोक्यांत बुडून विसरूनच गेले, बाहेर आले तर ही उन्हात ताटकळत होती.

दुसरी सवय — खायला काही मिळालं की अर्धं खायची आणि अर्धं माझ्या पायरीवर ठेवायची. बिस्किट असो, केळं असो, तिकडचा मंदासी नावाचा तळलेला गोड गोळा असो. सकाळी दार उघडलं की पायरीवर अर्धं काहीतरी असायचंच, बहुतेक वेळा मुंग्यांसकट. मेरी म्हणाली, "आपल्या माणसाचा वाटा काढून ठेवते ती. आधी फक्त अगोगोसाठी ठेवायची."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! एवढी वर्षं नोकरी केली, घर केलं, पण असा वाटा कुणी काढला नव्हता. मी तिच्याबरोबर फोटो काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, लोकांनी हात जोडल्याचे इमोजी पाठवले. हे सगळं मी केलं, कबूल आहे.

निघायच्या दिवशी मेरीने सगळ्या मुलांना नेहमीपेक्षा लवकर शाळेत पिटाळलं. तो तिचा नियमच आहे. दर गट जाताना पोरं रडतात, गाडीमागे धावतात, मग आठवडाभर जेवत नाहीत. म्हणून पाहुणे निघतात तेव्हा मुलं घरी नसतात. मला ते पटलं, खरं तर हायसंच वाटलं. मी थोकोला न भेटता गाडीत बसले.

प्रवासाचं रामायण सांगत नाही. हैदराबादला उतरून गाडीने मुडबीला पोचले तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती, पाऊस नुकताच थांबलेला. अव्वा दारातच उभ्या. हातात पाण्याचा तांब्या आणि ज्वारीची भाकरी. मी पायरीवर पाय ठेवणार तोच ओरडल्या, "थांब! तितंच थांब. एवढ्या लांबून आलीस, काय काय मागं लागून आलं आसंल."

"अव्वा, तुम्हीसुद्धा? मामंजी असते तर उठून गेले असते."

"त्ये गेले. आता म्या हाय. गप उभी ऱ्हा."

बाहेरून आलेल्या माणसावरून भाकर-तुकडा ओवाळून टाकतात, म्हणजे पाठीमागे जे काही आलं असेल ते दाराबाहेर राहतं. नवी नवरी, बाळंतीण आली की आपल्याकडे करतातच. मी हसत उभी राहिले. अव्वांनी भाकरी माझ्यावरून उतरवली आणि रस्त्याच्या कडेला भिरकावली, पाणी दोन्ही बाजूंना ओतलं, आणि मला आत घेतलं.

अंघोळ केली, चहा घेऊन बाहेरच्या खोलीत बसले. दार नुसतं लोटलेलं होतं. अव्वा आत देवापाशी दिवा लावत होत्या.

दारावर थाप पडली. खालच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर. दोनदा.

आणि मग, "ओदी."

लोखंडी दारावर तळहाताचा आवाज कसा येतो तुम्हाला माहीत असेल, त्यात चुकायला जागा नाही. आणि तो आवाज मी तीन आठवडे रोज ऐकलेला. माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी मनाशी म्हटलं, प्रवास झालाय, झोप नाही, कानात अजून तिकडचंच घुमतंय. हे होतं. पेशंटना मी हेच समजावते.

"ओदी," पुन्हा.

तेवढ्यात आतून अव्वा म्हणाल्या, "सुरेखा, दारात कुणाचं लेकरू बोलवायलंय बघ की."

म्हणजे अव्वांनाही ऐकू आलं होतं. माझ्या कानाचा दोष नव्हता.

आता नीट ऐका, यासाठीच मी हे लिहिलंय. मला उत्तर माहीत होतं. एक शब्द. त्या क्षणी मुडबीत, अख्ख्या बिदर जिल्ह्यात म्हणा, तो शब्द माहीत असलेली मी एकटी असेन. आणि मला हेही माहीत होतं की तो शब्द ऐकल्याशिवाय ती आत येणार नाही, उभीच राहील. तिचा लळा, तो वाटा, ते फोटो, सगळं कुठल्या कुठे गेलं, आणि एवढंच वाटलं की हे जे काही आहे ते आत येऊ नये.

मी मोठ्याने म्हटलं, "कोणी नाही, अव्वा."

दारापलीकडे काही हललं नाही. मग पुन्हा थाप पडली नाही. अव्वा हात पुसत आल्या, दार उघडून बघितलं, रस्ता ओला आणि रिकामा. "ओदी ओदी म्हनायलं व्हतं," त्या म्हणाल्या. "कोन की बाई. आपल्या गल्लीतलं न्हाई वाटत."

मी उठून कप धुवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी मेरीचा निरोप आला. मी निघाले त्याच संध्याकाळी थोकोला ताप भरला होता. मलेरिया, मेंदूपर्यंत गेलेला. जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलंय, शुद्धीवर नाही, प्रार्थना करा. मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल! असल्या तापात मुलं कशी हातची जातात ते मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मी डॉक्टर मॅडमना फोन केला, त्यांनी तिकडे फोन केले, औषधं बरोबर चालू होती. करण्यासारखं काही नव्हतं. ते दिवस मी ड्युटी केली, सलाईन लावली, आणि घरी आले की त्या दाराकडे पाठ करून बसले.

मग निरोप आला की डोळे उघडले, पाणी मागितलं. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले.

ती वसतिगृहात परतल्यावर मेरीने व्हिडिओ कॉल लावला. थोको वाळून गेली होती. मी हात हलवला, "थोको, थोको" केलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मेरी म्हणाली, "ही काहीतरी सांगते आहे, तुलाच विचारते बघ." आणि वाक्या-वाक्याने सांगत गेली.

थोको म्हणाली, मी तुझ्या मागोमाग आले. तुझं दार हिरवं आहे. पांढऱ्या केसांची अगोगो आहे, तिच्या कपाळावर पांढरे पट्टे आहेत.

इथपर्यंत मी शांत होते. कारण घराचे फोटो, भस्म लावलेल्या अव्वांचे फोटो मी तिला मोबाइलवर दाखवले होते. तापात मुलं बघितलेलंच बघतात.

मग ती म्हणाली, अगोगो चांगली आहे. तिने मला गोल, चपटी भाकरी दिली. लांबून टाकली, पण दिली. मी अर्धी खाल्ली, अर्धी तुझ्यासाठी पायरीवर ठेवली. मग मी हाक मारली. तू आत होतीस.

मेरी थांबली. थोको तिला काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती. मेरीने मला विचारलं, "ही विचारते आहे, 'कोनी नाई' म्हणजे काय? तू आतून तसं म्हणालीस म्हणे."

मी म्हटलं, "हॅलो... हॅलो? आवाज येत नाही." आणि फोन बंद केला. रेंज पूर्ण होती.

त्या रात्री जेवताना मी सगळं अव्वांना आणि यांना सांगितलं. हे म्हणाले, तिथे असताना फोनवर कधीतरी 'कोणी नाही' बोलली असशील, पोरीने ऐकलं असेल. असेल. मी नाही म्हणत नाही. मला आठवत नाही, पण शपथ घेऊन सांगता येणार नाही. अव्वांचा मात्र घास हातातच राहिला.

"सुरेखा," त्या म्हणाल्या, "तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी म्या अंगण झाडायलते, तवा पायरीवर अर्धी भाकर व्हती. नीट ठिवल्यावानी. म्या म्हनलं कावळ्यानं आणून टाकली आसंल. लोटून दिली गटारात."

अव्वांनी पदर डोळ्यांना लावला. "म्या भाकर टाकली ती तिला हाकलायला, ग. आन् त्या लेकराला वाटलं, आजीनं खायला दिली."

या अर्ध्या भाकरीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. कावळ्याने आणली असेल, कुत्र्याने ओढली असेल... पण अव्वांनी ती बघितली तेव्हा मलावीत कुणीतरी पोर आजारी आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

पुढे मेरीकडून आणखी एक गोष्ट कळली. तिने हे सगळं थोकोच्या अगोगोला सांगितलं, तर म्हातारी माझे आभार मानते आहे म्हणे. तिचं म्हणणं, तापात पोर निघून गेली होती. कुणी 'ओदिनी' म्हटलं असतं तर ती आत शिरली असती आणि तिकडचीच झाली असती. तुमच्या नर्सने तोंड मिटून ठेवलं म्हणून माझी नात परत आली.

मला केवढा आधार वाटला! मी धावत अव्वांना सांगायला गेले. म्हटलं, बघा, बरंच झालं, मी गप्प बसले म्हणून ती वाचली. अव्वा शेंगा फोडत होत्या. वर बघितलं आणि साधंच विचारलं, "तू तिच्यासाठी गप बसलीस व्हय?"

मी तिथून उठले.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. जायचं नव्हतं असं नाही, पण तोंड दाखवायची भीती होती. निघताना अव्वांनी कडक भाकरी थापल्या, तव्यावर वाळवल्या, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधल्या. माझ्या बॅगेत घालताना म्हणाल्या, "हातात दे ह्या टायमाला. फेकू नगंस."

तिकडे म्हातारी अगोगो काठी टेकत भेटायला आली. कोंबडी घेऊन आली होती माझ्यासाठी. दोन्ही हातांनी माझे हात धरून किती वेळ काय काय बोलत होती. मेरीने भाषांतर करायची गरज नव्हती. डॉक्टर मॅडम कौतुकाने बघत होत्या. मी मान खाली घालून ती कोंबडी घेतली. आयुष्यात कधी कुठली भेट एवढी जड वाटली नाही.

थोको चांगली वीतभर वाढली होती, शाळेत इंग्रजी शिकत होती. पहिले काही दिवस लांबूनच बघायची. ओढणीला हात लावायची नाही. मग एका दुपारी मी पायरीवर बसले होते तेव्हा जवळ येऊन उभी राहिली आणि तिच्या तुटक इंग्रजीत तिने तोच प्रश्न विचारला. कोनी नाई म्हणजे काय?

काहीही सांगता आलं असतं. उद्या ये, थांब जरा, देव तुझं भलं करो. तिला कुठे कळणार होतं? पण माझ्याने खोटं बोलवेना. मी सांगितलं, "म्हणजे दारात कुणीच नाही."

तिने विचार केला. रागावली नाही, रडली नाही. शाळेत गणित चुकलं की बाईंना दाखवतात, तशी म्हणाली, "पण मी होते."

मी म्हटलं, "हो. तू होतीस." आणि मग आत जाऊन फडकं आणलं, अव्वांची एक भाकरी काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, पांढऱ्या केसांच्या अगोगोने पाठवली आहे.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल तर तो तापात काय काय होतं ते सांगेल, मीही ते सांगू शकते. ज्यांचा अशा गोष्टींवर विश्वास आहे ते अगोगोचं म्हणणं धरतील, की माझ्यामुळे पोर वाचली. कुठलंही धरा. मला त्यातलं एकही पुरत नाही, कारण दाराच्या आत मी काय विचार करत बसले होते ते दोन्हीकडच्यांना माहीत नाही.

थोको माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि भाकरी खायला लागली. कडक भाकरी, कुडूम कुडूम आवाज होत होता. अर्धी झाली तेव्हा ती जराशी थांबली, माझ्याकडे बघितलं. मग उरलेली अर्धीही तिने सावकाश खाल्ली, मांडीवरचा चुरा झटकला, आणि खेळायला गेली.